धूर परसात बरा

धुराशी वर्ध्याचं वैर जुनं आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली घाण्याचं तेल, हातकागद, मधुमक्षिकापालन अशी कामं सुरू झाली. याच मगनवाडीचं नाव घेऊन पुढे एक चूल निघाली, मगन चूल. होती मातीचीच, पण एका जाळावर एकाहून जास्त भांडी बसायची आणि मागच्या धुराड्यातून धूर छपराबाहेर जायचा. डोळे चोळत, खोकत स्वयंपाक करणाऱ्या बाईची त्या धुरातून सुटका व्हावी, एवढाच तिच्यामागचा विचार होता. पुढे गॅस आला, उज्ज्वला योजना आली आणि गावागावांतल्या काळ्या भिंती हळूहळू चुन्याने पांढऱ्या झाल्या.

आणि आता त्याच वर्ध्यात, मांसाचे सॉसेज करून त्यांना तीन तास मुद्दाम धूर कसा द्यावा हे शिकवणारं पुस्तक निघतंय. हे वाचून कुणाला हसू आलं तर मी रागावणार नाही. पण मला यात विसंगती दिसत नाही. मगन चुलीने धुराला घराबाहेर काढलं, तर हे पुस्तक त्याला परसातल्या झाकणबंद पिंपात थोडा वेळ कामाला लावतं. घरात धुराचं ओझं बाईच्या छातीवर पडत होतं. परसात तो किती असावा, कसला असावा आणि कधी बंद करावा हे आपण ठरवतो. सगळी विद्या या ठरवण्यात आहे, आणि पुस्तकातली पाककृतींची पानं मी त्यानंतरची मानतो.

उघड्यावर विस्तव करून जेवण करणं वर्ध्याला कुणी शिकवायला नको. सेलू असो, देवळी असो की हिंगणघाट, शेतात किंवा देवळाच्या आवारात रोडग्यांची पंगत बसतेच. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा आर, सोबत वरण आणि तर्रीदार वांग्याची भाजी. रोडगा राखेतून काढायचा, फडक्याने पुसायचा, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. हाच आमचा बार्बेक्यू, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. रोडगे भाजणारा माणूस गोवऱ्या पेटल्या पेटल्या गोळे टाकत नाही. जाळ बसू देतो, धूर संपू देतो, वर राखेचा पातळ थर येऊ देतो आणि मग हात जवळ नेऊन उष्णता पाहतो. मंद, एकसारख्या आचेची ही समज सॉसेज धुरवताना जशीच्या तशी उपयोगी पडते. फरक इतकाच की रोडग्यासाठी आपण धूर संपायची वाट पाहतो आणि सॉसेजसाठी तो जपून सुरू ठेवतो.

पण आच सांभाळणं जमणाऱ्या या भागात मांस टिकवण्याची लिखित परंपरा का नाही? हा प्रश्न टाळून प्रस्तावना लिहिली तर ती अर्धवट राहील.

परंपरा होती, पण ती वहीत नव्हती आणि ज्यांच्याकडे होती त्यांना ती मिरवावीशी वाटत नव्हती. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम ज्या जातींवर लादलेलं होतं, त्या घरांत मांस एकदम आणि भरपूर यायचं, आणि त्यानंतर कित्येक दिवस काहीच नसायचं. मग मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावून दोरीवर किंवा छपरावर वाळवायच्या. या चान्या मडक्यात भरून ठेवल्या की पावसाळ्यात कामाला यायच्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतलं हे जेवण कृतींसकट लिहून ठेवलं. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही आला. मराठी पाकशास्त्राच्या शंभराहून जास्त वर्षांच्या छापील इतिहासात हे इतक्या उशिरा घडलं, याबद्दल दोष पाककृती लिहिणाऱ्यांचा आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ते सोडणं म्हणजे लादलेलं काम आणि त्यासोबतचा अपमान नाकारणं होतं. ज्यांनी सोडलं त्यांनी चान्यांची दोरीही उतरवली, आणि त्यांनी ती उतरवली याचं मला दुःख नाही. म्हणून आज या पुस्तकाच्या निमित्ताने ‘आपली हरवलेली कला’ वगैरे गळा काढायचा मोह मी टाळतो. ती कला टंचाईतून आलेली होती, हौसेतून नव्हे. मात्र त्यात हवामानाचं एक पक्कं ज्ञान होतं. विदर्भ-मराठवाड्यात मांस टिकवणारा खरा हात उन्हाचा आणि कोरड्या वाऱ्याचा आहे. धुराचं काम इथे दुय्यम. पुस्तकभर या गोष्टीचा उपयोग होतो.

दुसरीकडे सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं आणि जिल्ह्याची ओळख जगभर शाकाहारी आश्रमांशी जोडली गेली. पलीकडे पवनारला विनोबा होते. गोवधबंदीसाठी त्यांनी १९७९ साली उपोषण केलं. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, अख्खा वर्धा उकडलेली भाजी खाऊन झोपतो. प्रत्यक्षात शहरात सावजी भोजनालयांच्या पाट्या आहेत आणि रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानापुढे रांग लागते. दोन्ही वर्धे खरे आहेत, आणि अनेकदा ते एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड राहतात. शेजारच्यांच्या दोरीवर पांढरे कपडे वाळत असतील किंवा त्यांच्याकडे चातुर्मास असेल, तर तेव्हा पिंप पेटवू नये. धूर कुंपणापाशी थांबत नाही.

आता सॉसेजकडे वळू. मराठी मुलखाच्या शेजारी सॉसेजची खरी परंपरा आहे ती गोव्यात. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतही सॉसेज बनतात, पण गोव्याच्या चोरीसचा दबदबा वेगळा. डुकराच्या मांसाचे तुकडे, मीठ, लाल मिरची, लसूण, आलं, मिरे, लवंग, दालचिनी आणि माडाच्या ताडीचा व्हिनेगर. मांस मुरवून आतड्यात भरतात, दोऱ्याने गाठी मारून माळा करतात, उन्हात वाळवतात आणि पावसाळा आला की चुलीच्या वर टांगतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा टांगलेल्या दिसतात. त्या टिकतात त्या नुसत्या धुरामुळे नव्हे. मीठ पाणी ओढून घेतं, व्हिनेगर आंबटपणा आणतो, ऊन उरलंसुरलं पाणी काढतं, आणि चुलीचा धूर बुरशीला वर बसू देत नाही. एवढे चार पहारेकरी असले तर मांस टिकतं. वर्ध्यात येऊन त्यातला व्हिनेगर वगळला, मीठ ‘तब्येतीसाठी’ कमी केलं आणि नुसता धूर दिला तर काय होईल, हे पुस्तकात स्पष्ट सांगितलं आहे. मी ते अधिक स्पष्ट सांगतो.

जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॉसेज खाऊन माणसं मरत होती. युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने (हा गृहस्थ कवीही होता) अशा रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या, विषाचा अर्क स्वतःवरही तपासला आणि १८२० व १८२२ मध्ये त्यावर लिहिलं. दुहेरी दिसणं, कोरडं तोंड, पापण्या मिटणं, शेवटी श्वास बंद. हवा पोहोचत नाही अशा आतल्या भागात हे विष तयार होतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात हॅम खाऊन लोक दगावले तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेमने त्यामागचा जिवाणू शोधला. त्यालाच आज आपण क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. गच्च भरलेलं आतडं, आत हवा नाही, आंबटपणा नाही आणि तासन् तास कोमट ऊब, हे त्याचं आवडतं घर. थंड धुराची, म्हणजे ३० अंश सेल्सियसच्या खाली दिवसच्या दिवस धूर देण्याची युरोपीय पद्धत नेमकं हेच घर बांधते. तिथे थंड हवा, भरपूर मीठ आणि नायट्राइट यांमुळे ते निभावतं. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो. हिवाळ्यात पहाटे बारा अंशांपर्यंत उतरला तरी दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. इथे घरी थंड धूर देऊ नये. या नियमाला पुस्तकात अपवाद नाही आणि वाचकानेही शोधू नये.

बाजारात मिळणाऱ्या क्युअरिंग मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं आणि किलोभर मांसाला ते अडीच ग्रॅम पुरतं. हे किराणा दुकानात मिळत नाही. मिळालं नाही म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध नायट्राइट आणून चिमटीने टाकणं हा जिवाशी खेळ आहे. त्यापेक्षा सरळ मार्ग धरावा: गरम धूर द्यायचा, पूर्ण शिजवायचं, त्याच दिवशी खायचं. पिंपातली उष्णता ८० ते १०० अंश ठेवायची आणि सॉसेजच्या मधोमध थर्मामीटरची सुई खुपसून निव्वळ बकऱ्याच्या खिम्याला ७१, कोंबडी असेल तर ७४ अंश दिसेपर्यंत उतरवायचं नाही. सुईचा थर्मामीटर काहीशे रुपयांत येतो. या पुस्तकातलं एकच साहित्य विकत घ्यायचं असेल तर हे घ्या, बाकी सगळं घरात किंवा भंगारात सापडेल.

मांस कोणतं? गोवंशाचा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेल्या प्राणिरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हापासून बैलही त्यात आला. डुकराच्या मांसात फितकृमीचे कोष असू शकतात. ते पोटात गेले की आतड्यात कृमी वाढतो, आणि त्याच्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून तपासणी झालेलं मांस मिळत असेल तरच त्या प्रकरणाकडे वळावं. लेखकांनी ते प्रकरण दुसरं ठेवलं आहे, मी शेवटचं ठेवलं असतं. वर्ध्यासाठी बकरा आणि कोंबडी हेच खरं. विदर्भातली बेरारी शेळी चांगली, पण तिचं मांस कोरडं. सॉसेजला पाव हिस्सा तरी चरबी लागते, नाहीतर भुसा होतो. बकऱ्याच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घातली तर ती गरम असताना छान लागते आणि गार होताच टाळूला मेणासारखी चिकटते. यावर उपाय म्हणून बकऱ्याच्या खिम्यात कोंबडीच्या मांड्या आणि कातडी मिसळायची. मांस, चरबी आणि खिम्याचं यंत्र बर्फगार हवं, नाहीतर चरबी दळताना विरघळते आणि धुरात गळून निखाऱ्यावर पडते. उन्हाळ्यात वर्ध्याच्या स्वयंपाकघरात हे साधत नाही.

आतडी खाटकाकडे आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागतात, कारण वजडीच्या ढिगात ती कापून टाकलेली असतात. उलटी करून आतला थर सुरीच्या पाठीने खरवडणं, मिठात ठेवणं, नळाचं पाणी आतून सोडणं, हे सगळं पुस्तकात चित्रांसह आहे. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी लाजू नये. बकऱ्याच्या पोटावर चरबीची जाळीदार पातळ चादर असते. तिच्यात खिम्याची वळकटी गुंडाळली की आतड्याशिवाय काम होतं, आणि माझ्या मते ते जास्त चविष्टही होतं.

मसाल्यांबद्दल विदर्भाला सल्ला देण्याचं धाडस मी करत नाही. हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरून आलेला सावजी मसाला सॉसेजला शोभतो, फक्त त्यातलं तेल आणि रस्सा विसरायचा. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिचा रंग आणि कस दोन्ही कडक, म्हणून नेहमीच्या निम्मी टाकावी. धुराची स्वतःची कडवट छटा असते, तिच्यावर हळदीची कडवट छटा चढली की जीभ कंटाळते.

आता लाकूड. इथे वर्धा श्रीमंत आहे आणि त्याला ते ठाऊक नाही.

लाकडातल्या लिग्निनचं जळताना विघटन होतं आणि त्यातून फिनॉल गटातली संयुगं निघतात. आपण जिला धुराची चव म्हणतो ती बरीचशी त्यांची. ती जिवाणूंना थोडं रोखतात आणि चरबी खवट होऊ देत नाहीत, पण थोडंच, आणि फक्त वरच्या थरात. हवा नीट मिळाली तर धूर पातळ, निळसर निघतो. लाकूड ओलं असेल किंवा कोंडलं असेल तर दाट पांढरा निघतो, आणि त्याने मांस कडू होतं. धुराला बसायला सॉसेजचा पृष्ठभाग कोरडा लागतो. रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवा, नंतर अर्धा तास पंख्याखाली.

आर्वी, आष्टी, कारंजा हा संत्र्याचा पट्टा. डिंक्या रोगाने गेलेली, वय झालेली झाडं तोडली जातात आणि बहुतेक सरपणात जातात. संत्र्याच्या लाकडाचा धूर गोडसर, सौम्य, कोंबडीला फार जुळणारा. मात्र बागायतदार खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे मोरचुदाचा लेप. तेव्हा खोड घेऊ नये, वरच्या फांद्या घ्याव्यात, साल सोलावी आणि सहा महिने वाळू द्याव्यात. बाभूळ आणि चिंच यांचा कोळसा उत्तम, तो आचेसाठी. आंबा आणि बोर धुरासाठी. कडुलिंब नको, निलगिरी तर नकोच. आरागिरणीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये, त्यात सागवान, प्लायवूड, डिंक काय काय मिसळलेलं असतं.

सर्वांत मोठा मोह पऱ्हाटीचा. वर्धा जिल्ह्यात कापूस निघाला की घरामागे पऱ्हाट्यांचे ढीग लागतात, चटकन पेटतात आणि पैसे पडत नाहीत. खानदेशात भरताची वांगी पऱ्हाट्यांवरच भाजतात, मग सॉसेजला काय हरकत, असं कुणी विचारेल. हरकत फवारणीची आहे. वांगं काही मिनिटं भाजतं आणि त्याची जळकी साल आपण सोलून फेकतो. सॉसेज तीन तास त्या धुरात लटकतं आणि सालीसकट पोटात जातं. पऱ्हाटी आग धरवण्यापुरती वापरा आणि ती पूर्ण जळून गेल्यावरच मांस आत टांगा.

पिंप कसलंही चालेल, फक्त जस्ताचा मुलामा नको. धान्याची पत्र्याची कोठी बहुधा मुलाम्याची असते, विस्तवाने फार तापली की जस्ताची वाफ विषारी. तेलाचं जुनं पिंप असेल तर आधी मोठा जाळ करून आतला रंग आणि तेल जाळून टाकावं. मोठा माठ खालून फोडून उपडा ठेवला तरी सुंदर काम करतो. कुंभार हसेल, हसू द्या.

धुरवलेल्या मांसाबद्दल आरोग्याचं एक सांगून पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते असं त्यांचं म्हणणं. यातला ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. हे पुस्तक वर्षातून चार-पाच संध्याकाळींसाठी आहे. ज्यांना डब्यात रोज सॉसेज हवेत त्यांनी ते इथेच मिटावं.

परदेशी पुस्तकांत सॉसेज धुरवण्याआधी किंवा नंतर बिअरमध्ये उकळायला सांगतात आणि करणाऱ्यानेही एक ग्लास घ्यावा असं सुचवतात. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. लेखकांनी त्या जागी आंबट ताक वापरलं आहे. वाचताना मला ते हास्यास्पद वाटलं होतं, खाल्ल्यावर वाटलं नाही. ताकाच्या आंबटपणाने बकऱ्याचा उग्रपणा कमी होतो.

सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करावी, हुरड्याच्या दिवसांत. तेव्हा हवा कोरडी असते, खिमा गार राहतो आणि लोक तसेही शेतात जमलेले असतात. पहिल्या खेपेला एक किलोच्या वर मांस घेऊ नका. आतड्यात भरण्याआधी चमचाभर मिश्रण तव्यावर परतून मीठ बघा, नंतर दुरुस्ती नाही. दुपारी दोनला पिंप पेटवलं तर अंधार पडायच्या आत सॉसेज उतरतात. ते निघाले की त्याच निखाऱ्यांवर गोवऱ्या रचून रोडगे लावता येतात. पावाच्या लांबट तुकड्यापेक्षा फोडलेला रोडगा आणि वांग्याची भाजी यांच्यासोबत हे सॉसेज जास्त खुलतात, असं लेखक म्हणतात आणि मी सहमत आहे. उरले तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवेत, तीन दिवसांत संपायला हवेत आणि खाताना पुन्हा वाफ निघेपर्यंत गरम व्हायला हवेत. दोरीवर टांगून ठेवायचे नाहीत, दिसायला कितीही देखणे दिसले तरी.